रंग गेला नाही तर पैसे परत

जगात काही माणसं नवा कपडा विकत घेतात आणि तो जुना दिसू लागण्याची वाट बघत बसतात, ही बातमी आमच्या हिंगोली जिल्ह्यात जरा उशिराच पोचली. त्यात विशेष काही नाही. आमचा जिल्हाच मुळी १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला, बाकीचं सगळं त्यानंतर रांगेत उभं आहे. शिवाय कपडा जुना होण्यासाठी मुद्दाम काही करावं लागतं, हे इथे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. एक उन्हाळा, एक हळदीचा हंगाम आणि मोंढ्यात चार चकरा झाल्या की तो आपोआप जुना होतो. मग त्याची पिशवी शिवायची की गाडी पुसायला घ्यायचा, एवढाच प्रश्न उरतो.

बातमी घेऊन आला आमचा भाचा. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. वर्क फ्रॉम होम मिळालं की गावी येतो आणि ओट्यावर लॅपटॉप उघडून बसतो. त्याच्या मागोमाग एक खोकं आलं. आत जपानच्या ओकायामा प्रांतातल्या कोजिमाची जीन्स होती. रॉ डेनिम. म्हणजे कोरी. विणली, शिवली आणि पाण्याचा थेंब न दाखवता घडी घालून पाठवली. खळ जशीच्या तशी. किंमत त्याने आईला साडेतीन हजार सांगितली आणि मला अठरा हजार. मामा असण्याचे जे काही थोडे फायदे उरलेत, त्यांत खरा आकडा कळणं हा एक.

भाच्याने जीन्स घडीतून काढून माजघरात ठेवली, तर ती उभी राहिली. टेकू नाही, काही नाही. त्याची आजी, म्हणजे आमच्या अक्काच्या सासूबाई, दुपारच्या झोपेतून उठून आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. त्यांनी अंधारात उभी असलेली ती आकृती पाहिली, पदर नीट केला आणि आत आवाज दिला, "आगं, पाव्हणे कव्हाचे उभे हायत, पाणी तरी द्या!"

ही जीन्स २१ औंसांची होती. म्हणजे एक चौरस वार कापड तोललं तर २१ औंस भरतं. आपल्या मापाने चौरस मीटरला सातशे ग्रॅमच्या वर. बाजारातली साधी जीन्स दहा-बारा औंसांची असते. कॅनडातल्या एका कंपनीने ३२ औंसांचीही काढली होती. ती घालून कोणी कुठे गेलं का, ते कळलेलं नाही.

तिचं सगळं माहात्म्य तिच्या कच्च्या रंगात. कापडाचे उभे धागे तेवढे निळीत बुडवलेले, आडवे पांढरेच. निळीच्या हौदातून सूत वर येतं तेव्हा ते पिवळट हिरवं असतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. बुडव, काढ, वाऱ्यावर धर, पुन्हा बुडव. इतकं करूनही नीळ धाग्याच्या पोटात शिरत नाही, वरच्या सालीवर बसून राहते. गाभा पांढराच. म्हणून जिथे कापड घासतं तिथली नीळ झडते आणि आतलं पांढरं डोकावतं. माणूस कसा बसतो, कसा उठतो, खिशात काय बाळगतो, त्याचा नकाशा वर्ष-दोन वर्षांत मांडीवर उमटतो. अठरा हजार त्या नकाशाचे.

आता हे आमच्या कापडबाजारात कसं समजावायचं? इथल्या दुकानदारांची हयात "रंग गेला तर पैसे परत" असं छातीवर हात ठेवून सांगण्यात गेली. कोजिमावाल्यांचा वायदा नेमका उलटा. मी एका ओळखीच्या दुकानदाराला ही गंमत म्हणून सांगितली. तो हसला नाही. थोडा वेळ गप्प राहिला आणि मग आतल्या गड्याला हाक मारून म्हणाला, "अरे, रंग जातो म्हणून परत आलेला तो गठ्ठा फेकला तर नाहीस ना?"

भाच्याने जीन्स अंगावर बसवायला मुहूर्त काढला तो मे महिन्याचा. मेमध्ये आमच्याकडे पारा ४२च्या वर असतो. माणसं बनियन-लुंगीवर सावली शोधत फिरतात. हा २१ औंस लेवून ओट्यावर. येणारा-जाणारा विचारायचा, "कामून रे बाबू, कुठं परगावी चाललास का?" एवढा जामानिमा माणूस प्रवासालाच करतो, अशी गावाची समजूत.

खरी पंचाईत बसण्याची. गुडघा अर्ध्यात आला की कापड थांबायचं. पंगतीत मांडी घालता येईना, म्हणून जिथे बुफे असेल त्याच लग्नाला जायचं असं त्याने ठरवलं. सकाळच्या विधीसाठी आमच्याकडे अजून देशी बैठक आहे. त्याविषयी लिहीत नाही. एवढंच सांगतो, की त्या आठवड्यात त्याने कमोड बसवण्याचा विषय घरात दोनदा काढला.

एका सोमवारी अक्काने त्याला औंढ्याला नेलं. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद तोंडातून, उंच पायऱ्यांवरून, अंग चोरत एकेकाने खाली उतरायचं. भाचा दुसऱ्या पायरीवर अडकला. खालचे म्हणतात वर येऊ द्या, वरचे म्हणतात खाली सरका. संत नामदेवांसाठी इथलं देऊळ फिरलं अशी कथा आहे आणि नंदी देवळामागे का, याचं उत्तर म्हणून ती अजून सांगतात. भाच्याच्या गुडघ्यासाठी एक पायरीही हलली नाही. मागून एक म्हातारे बाबा कळवळून म्हणाले, "लेकरा, देवापुढं तरी वाक!"

"मी वाकतोय हो बाबा, ही वाकत नाही."

यावर जाणकारांचा उतारा असा, की जीन्स घालूनच कोमट पाण्याच्या टबात पडून राहायचं आणि मग ती अंगावरच वाळवायची. कापड आकसतं आणि अंगाचा आकार घेतं. टब आमच्याकडे कुठून येणार? न्हाणीत बादलीबरोबर माणूस मावतो हेच पुष्कळ. राहता राहिला गोठ्यासमोरचा सिमेंटचा हौद. दुपारभर त्यावर ऊन असतं, तेव्हा कोमट पाण्याची सोय परस्पर झालेली. भाचा जीन्ससकट हौदात उतरला आणि मोबाइलचा हात तेवढा वर धरून बसून राहिला.

अर्ध्या तासात पाणी निळं झालं. तेवढ्यात बैल पाण्यावर आले. पांढरा बैल हौदात माणूस पाहून थबकला. त्याने पाणी हुंगलं, नाकपुड्या फेंदारल्या आणि मान फिरवली. भाचा घाबरून उठून उभा राहिला, तर बैलाला अंग घासायला बरा खांब सापडला. त्याने मनसोक्त घासून घेतलं. बैल बाजूला झाला तेव्हा त्याची डावी कूस खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत निळी होती. संध्याकाळी पारावर चौकशी झाली, "श्रावण अमावस्येला अजून अवकाश हाय, तुमचा पोळा आत्ताच कामून?" गड्याने मुकाट्याने हौद उपसला, घासला, भरला आणि भाच्याला अदबीने म्हणाला, "दादा, पुन्हा बसायचं आसलं तर आदल्या दिशी सांगत जा. मी बैलं कयाधूवर नेतो."

बैल एकटाच नाही. ओट्याची चुना दिलेली भिंत पाठीच्या खालच्या भागाच्या उंचीवर निळी झाली. प्लास्टिकची पांढरी खुर्ची झाली. अक्काची लग्नातली चादर झाली. मोटारसायकलची सीट काळी होती म्हणून वाचली.

एवढं होऊनही जीन्स धुवायची नाही, ही पुढची अट. निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर. लवकर धुतली तर सगळीकडून सारखी विटते आणि नकाशा पुसला जातो. भाच्याने आधारही दिले. लिव्हायस कंपनीचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी २०१४ साली एका परिषदेत, अंगावरची जीन्स आपण वर्षभर धुतलेली नाही, असं सांगितलं होतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने पंधरा महिने कोरी जीन्स न धुता वापरली. मग तिच्यावरचे जंतू मोजले, ती धुतली, तेरा दिवस घालून पुन्हा मोजले, तर आकडे जवळजवळ सारखेच. यात आम्हाला नवल वाटावं असं काही नव्हतं. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं, अशा मुलखात हा प्रयोग पिढ्यान् पिढ्या चालू आहे. फक्त जंतू मोजायला विद्यापीठातून कोणी आलं नाही.

आजींनी मात्र ही अट त्यांच्या पद्धतीने समजून घेतली. कोणी शिवायचं नाही, वेगळ्या दांडीवर टाकायची, पोरांनी हात लावायचा नाही. "म्हंजी सोवळंच की," त्या म्हणाल्या. "पर आमी सोवळं रोज धूत व्हतो रे."

एवढा खटाटोप करून जीन्स विटावी की नाही? विटेना. कारण उघड आहे. भाचा दिवसभर करतो काय, तर बसतो. बसून दोन्ही हातांची बोटं हलवतो. बोटांना जीन्स नसते. औंढा तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्राने २०२३ साली तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींमुळे होणारी, प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान हालचाल ती टिपणार आहे. भाच्याच्या जीन्समधला पहिल्या तिमाहीतला फरक मोजायला तेवढंच यंत्र पुरं पडलं असतं.

मग एक दिवस मी त्याला मोंढ्यात नेलं, हळदीची पट्टी आणायची होती म्हणून. तिथे तो एका हमालाच्या मागे उभा राहिला आणि हलेना. आठवडी बाजारातली चार-पाचशे रुपयांची जीन्स, पण काय विटली होती! पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेण्याआधी हमाल ते उजव्या मांडीवर टेकवतो. तिथे वीतभर लांबीचा लंबगोल पांढराफटक झालेला, कडेला फिकट आकाशी आणि मग एकदम गडद. गुडघ्यामागे चुण्यांचं जाळं, ज्याला जपानी दर्दी लोक मधमाशीचं पोळं म्हणतात. जांघेतून निघालेल्या बारीक रेघा, म्हणजे त्यांच्या भाषेत मिशा. त्या हमालाच्या भरघोस होत्या. अमेरिकेत मागच्या खिशावर तंबाखूच्या गोल डबीचं कडं उमटलं की शौकीन माणसं त्या जीन्सला मान देतात. इथे चुन्याच्या डबीचं कडं होतं आणि शेजारी पुडीचा चौकोन, दोन्ही स्पष्ट. वरून हळद. हळदीचा डाग साबणाला लाल होतो आणि उन्हाला उडतो, पण निळीवर हळद रोज बसत राहिली की सबंध कापडाला एक हिरवट झाक येते. हा रंग कोजिमात मिळत नाही. त्यासाठी वसमतची हळद लागते आणि तिला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

जगात याच्या स्पर्धा होतात, हे भाच्याने मला परतताना सांगितलं. एक वर्ष जीन्स वापरायची, फोटो पाठवायचे, ज्याची सुंदर विटली तो जिंकला. हमालाला याची कल्पना नव्हती. भाच्याने मांडीचा फोटो काढताच तो बिचकला. "साहेब, फोटो कशाला? पोतं मोजून दिलंय मी." भाच्याने त्याला अंगावरची जीन्स बदल्यात देऊ केली. अगदी मनापासून. हमालाने खालच्या कडेला चिमटीत धरून कापड पाहिलं, हाताने तोललं आणि परत सोडलं. "सव्वा किलो भरंल. ही घालून मी पोतं उचलू का जीन्स उचलू?"

या जीन्समध्ये किती कापूस असेल, हा हिशोब घरी आबांनी केला. आबा म्हणजे अक्काचे सासरे. कापूस, सोयाबीन आणि हळद या तिघांकडून मार खाऊन झालेले शेतकरी. कापूस जिनिंगमध्ये गेला की सरकी निघून तिसरा हिस्सा रुई हाती येते, सूत कातताना आणखी थोडं जातं. सव्वा किलोच्या जीन्सला चार किलो कापूस धरा. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे सव्वातीनशे रुपये, हमीभाव मिळाला तर. उरलेले सतरा हजार सहाशे पंचाहत्तर कशाचे, असं आबांनी विचारलं.

भाच्याने मागाचं कौतुक सांगितलं. टोयोटा मोटारीच्या घराण्याचा मूळ धंदा मागांचा. त्यांनी १९२४ साली काढलेल्या धोट्याच्या मागाच्या जातीचे जुने माग जपानमध्ये अजून चालवतात. कापड अरुंद निघतं, सावकाश निघतं, पण काठ दोन्हीकडून बांधीव येतो आणि त्या काठात एक लाल धागा असतो. जीन्सचा पाय वर दुमडून तो लाल धागा दाखवायचा असतो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. नांदेडची उस्मानशाही मिल चालू होती तेव्हा त्यांनी तिथलं कापड वापरलेलं. "म्हंजी जुन्या मशिनीवर हळू काम केलं तर पैशे जास्त मिळतात," ते म्हणाले. "आपली कचेरी कुठं चुकली मग?"

जीन्सची लांबी जास्त होती, ती कमी करायला रिसाला बाजारातल्या मास्तरांकडे गेलो. पलटन, तोफखाना, रिसाला, पेन्शनपुरा ही नावं हिंगोलीला इथल्या जुन्या छावणीने दिली. हैदराबाद कंटिन्जन्टची फौज इथे होती. त्या फौजेच्या जाड तुमानी आमच्या आधीच्या शिंप्यांनी दुरुस्त केल्या असणार, त्यामुळे मास्तर २१ औंसांना भ्यायले नाहीत. त्यांना अडचण झाली ती टाक्याची. भाच्याला कडेला साखळी टाका हवा होता. त्या टाक्याने धुतल्यावर कापड तिरकं ओढलं जातं, कडेला पीळ पडतो आणि त्या पिळावर फिके पट्टे येतात. परदेशात लोक हे काम अमेरिकेच्या युनियन स्पेशल कंपनीच्या जुन्या मशीनवरच करून घेतात, त्या मशीनला मोठा मान आहे.

मास्तरांनी चष्मा कपाळावर घेतला. "साखळी टाक्याचं एक टोक ओढलं की सगळी कड उसवते बाबा. जन्मभर माझी शिवण उसवू नये म्हणून जपलो. आता उसवणारी शिकू का?"

पण माणूस जाणता. दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "जा मोंढ्यात. पोत्याचं तोंड शिवायची हातमशीन बघ. तिचा साखळी टाकाच असतो."

यात थट्टा नव्हती. शिकागोची ती युनियन स्पेशल कंपनी १८८१ साली निघाली तीच मुळी पोती शिवायच्या मशीनसाठी, जीन्स तिच्याकडे नंतर आली. तेव्हा घराण्याचा विचार केला तर आमचा मोंढा थोरल्या पातीचा ठरतो. आम्ही गेलो. मशीनवाल्या पोराने दोन्ही पाय एकापाठोपाठ एक धरले, खर्र-खर्र असा आवाज झाला, पांढऱ्या जाड दोऱ्याने कड बसली. सवयीने त्याने डाव्या पायाला लॉट नंबरची चिठ्ठीही शिवून दिली. भाच्याने ती काढू दिली नाही.

मास्तरांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली आणि कोऱ्या डेनिमचं हे खूळ आम्हाला नवं नाही, हे उघड झालं. अहमदाबादच्या अरविंद मिलने १९९५ साली रफ अँड टफ नावाचं पाकीट काढलं होतं. किंमत १९५ रुपये. आत जीन्सचं कापड, झिप, तांब्याचे रिबिट आणि मागे लावायची पट्टी. पाकीट आणायचं आणि आपल्या शिंप्याकडून शिवून घ्यायचं. कंपनीने त्यासाठी गावोगावच्या शिंप्यांना शिकवलं. कंबरेजवळ कापडाचे सहा-सहा थर एकावर एक यायचे, पायमशीनची सुई त्यात तुटायची. मास्तर आधी हातोडीने शिवण ठोकून बसवायचे आणि मग चाक हाताने फिरवत एकेक टाका घालायचे. रिबिट ठोकायला खाली वरवंटा. "तेव्हा पोरं भांडायला येत," मास्तर म्हणाले. "मास्तर, पहिल्याच धुण्यात रंग गेला, आईचं लुगडं निळं झालं. मी म्हणायचो कंपनीला विचार. अठरा हजार मागायचे, हे मला कोणी सांगितलं नाही."

तसा जीन्सचा शोधही शिंप्याचाच. अमेरिकेतल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याच्या बायकोने, नवऱ्याच्या तुमानी टिकत नाहीत अशी तक्रार आणली, तेव्हा त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर रिबिट ठोकले. पेटंटचा खर्च झेपेना म्हणून कापडवाल्या लिव्ही स्ट्रॉसला भागीदार केलं. पेटंट मिळालं २० मे १८७३ रोजी. कंपनीवर नाव कापडवाल्याचं राहिलं. आमच्या नर्सीचे नामदेव महाराजही शिंपीच. त्यांचं नाव मात्र पंजाबपर्यंत गेलं, गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. जिल्ह्यात शिंप्याचा असा दाखला असताना आम्ही शिवणीबद्दल बाहेरच्यांचं का ऐकून घ्यावं, हे मास्तरांचं म्हणणं मला पटतं.

घाई करणाऱ्यांसाठी कारखान्यातच विटवलेली जीन्स मिळते, ती सगळ्यांना माहीत आहे. तिच्याबद्दल एकच सांगायचं. मांडीवर तो पांढरा लंबगोल आणण्यासाठी दाबाने वाळू मारत, ती धूळ छातीत जाऊन तुर्कस्तानात कामगार दगावले आणि तिथल्या सरकारने २००९ साली हा प्रकार बंद केला. आमच्याकडे उल्हासनगरला जीन्स धुण्याच्या कारखान्यांनी वालधुनी नदीचं काय केलं, ते कल्याणकडच्या माणसाला विचारा. त्यापुढे आमचा एक निळा बैल काहीच नाही. तो पहिल्या पावसात पांढरा झाला.

तेव्हा मी आणि भाच्याने मिळून एक व्यवहार्य योजना आखली आहे. पुण्या-मुंबईत, बंगळुरात पुष्कळ मुलं महागाची कोरी जीन्स घालून खुर्चीत बसली आहेत आणि ती विटत नाही म्हणून खंतावली आहेत. त्यांनी ती आमच्याकडे पाठवावी. इथे ती गरजूला घालायला देऊ आणि हंगाम संपला की विटवून परत करू. मांडी हवी असेल तर हमाल, गुडघे हवे असतील तर निंदणीवाला, मागची बाजू हवी असेल तर ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. भाडं घालणाऱ्याला मिळेल, दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी नाही. हमालाला विचारून आलो आहोत. बारा औंसांपर्यंत तो तयार आहे, २१ औंसांना जादा हमाली घेईन म्हणाला.

पाठवायची असेल तर हळद शिजायला लागायच्या आत, माघापर्यंत पाठवा. कंबरेचं माप आमच्याकडच्या माणसाचं धरा, म्हणजे तुमच्यापेक्षा दोन इंच कमी. पट्टा आणि खिशातली चिल्लर काढून घ्या. धुतलेली स्वीकारली जाणार नाही. परत येईल तेव्हा चुन्याच्या डबीचं कडं फुकट, हिरवट झाकेचे पैसे वेगळे, आणि कुठे बैलाचे केस चिकटले असतील तर ते तुमचे तुम्ही काढायचे.